शंभूमामांच्या चौदा गच्च्या

मंगळवारी सकाळी साडेदहाला, डाव्या हातात चहाचा ग्लास धरून, उजव्या हाताच्या अंगठ्यानं मी अख्ख्या निंबखोरीचं इंटरनेट बंद पाडलं. चहा संपायच्या आत. एवढ्या कमी श्रमात एवढं मोठं काम आमच्या गावात याआधी कोणी केलं नसेल.

निंबखोरी अणदूरपासून नऊ किलोमीटर आत, बशीसारख्या खोलगटात आहे. मोबाइलला रेंज हवी असेल तर माळ चढावा लागतो. वर रेंज मिळते, पण बोलायला दम उरलेला नसतो. म्हणून चार वर्षांपूर्वी पुण्याची एक संस्था आली आणि तिनं चौदा घरांच्या गच्च्यांवर चौदा पांढरे डबे बसवले. पंचायतीच्या कचेरीत फायबरची लाइन येते. तिथला पहिला डबा नेट हवेतून दुसऱ्या डब्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत ते खालच्या आळीच्या टोकापर्यंत जातं. संस्थेच्या पुस्तकात याला मेश म्हणतात, गाव साखळी म्हणतं. एक डबा बंद पडला तर नेट शेजारच्या डब्यातून वाट काढतं, असंही त्या पुस्तकात लिहिलंय. लिहिणाऱ्यानं निंबखोरीतले शेजारी पाहिले नसावेत.

संस्था दीड वर्षात फोटो काढून निघून गेली. साखळी राहिली शंभुलिंगमामांच्या गळ्यात. सगळं गाव त्यांना शंभूमामा म्हणतं, शिव्या देतानासुद्धा मामा जोडूनच देतं. वय एकसष्ट, पायजमा घोट्याच्या वर, खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि दाढीचा गोल आरसा. शिक्षण सातवी, आधीचा धंदा लग्नात भोंगे लावायचा. मी तुळजापूरहून आयटीआय करून आलेला, म्हणून मी त्यांचा 'असिस्टंट'. हे पद मीच निर्माण केलं आणि मीच भरलं.

डबे एकमेकांना एका पासवर्डनं ओळखतात. तो वर्षातून एकदा बदलायचा. मामा हे काम दोन दिवस पुरवून करायचे. आधी चौदाही डबे चालू आहेत का ते घरोघरी जाऊन बघायचे, मग सगळ्यात लांबच्या डब्यापासून सुरुवात करून एकेक बदलत पंचायतीपाशी यायचे. "लग्न झाल्यावर भोंग्याची वायर कशी गुंडाळतेत? लांबच्या टोकाकडनं. मांडवाकडनं वढली की टोक कुठं अडकलं कळत न्हाय," असं त्यांचं शास्त्र.

यंदा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. आणि मोबाइलच्या ॲपमध्ये मला एक बटण सापडलं: सगळ्यांना लागू करा. मी मनात म्हटलं, बघा, सातवी आणि आयटीआय यांत हा फरक असतो. दाबलं.

पाच डबे त्या वेळी बंदच होते. कोणी बंद केले होते ते पुढं येईलच. उरलेल्यांपैकी काहींनी नवा पासवर्ड घेतला आणि पुढच्याला द्यायच्या आधीच झोपून परत उठले. काही जुन्यावरच राहिले. मी घाबरून पंचायतीच्या डब्यात जुना पासवर्ड टाकला तर जुने दोन ओळख द्यायला लागले, मधले नवे तोंड फिरवून बसले. नवा टाकला तर उलटं. चौदा डबे चौदा भावकीसारखे.

मामा आले, माझ्या मोबाइलकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किस्ना, चहा पिलास का पूर्ण?"

"व्हय मामा."

"मग चल. शिडी घे. वायर लावून एकेक डबा हातानं करायचा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ग्रामसभा शनिवारी होती. त्या सभेत साखळीचा कारभार कोणाकडं द्यायचा हा विषय ठेवला होता. विषय ठेवणारा होता रणधीर, सरपंचांचा पुतण्या. त्यानं सोलापूरच्या कुठल्याशा कंपनीशी बोलून ठेवलं होतं. त्याला फक्त एवढंच दाखवायचं होतं की म्हाताऱ्याला झेपत नाही. आणि त्याला ते दाखवायची सोय चार दिवस आधी मी करून ठेवली.

शिडी आणायला मामांच्या घरी गेलो तर पार्वतम्मा मामी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामा आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भोंगे बंद झाले तवाचं तुला ठावं न्हाय. डीजे आला अन ह्यांचे चौदा कर्णे भंगारात गेले. दोन वर्सं हे माणूस त्या खांबाला टेकून बसलं. जेवा म्हणलं की जेवायचं, उठा म्हणलं की उठायचं. एवढंच. आता पुन्हा खांबाला बसवू नगस बाबा."

एवढं बोलून त्या परत तांदळातले खडे वेचायला लागल्या. मी शिडी उचलून खांद्यावर घेतली.

सुरुवात शेवटच्या गच्चीपासून. ती दगडोबाची. त्याचा डबा बंद. जिन्याखाली बघितलं तर डब्याची पिन काढून त्या जागी मिक्सर लावलेला.

"महिना झाला सांगायलो, नेट येईना म्हणून!" दगडोबा उलट आमच्यावरच चढला. "काय कामाचे तुमी?"

मी पिन उचलून त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं ती नीट निरखली. "ही कशाची हाय?"

दुसरी गच्ची दोन सख्ख्या भावांची. घर एक, मधे भिंत. डबा थोरल्याच्या बाजूला. बांधावरून भांडण झालं की थोरला बटण बंद करतो, म्हणजे धाकट्याचं नेट जातं. थोरल्याचंही जातं.

"अहो काका, पण तुमचंबी बंद पडतं की," मी म्हणालो.

"पडू दे की," थोरला समाधानानं म्हणाला. "मला तसंबी काय बघायचंय? त्येचं बंद पडल्यालं बघायचंय."

मला त्या वेळी पहिल्यांदा शिसारी आली. ती पुढं चार दिवस उतरली नाही, वाढतच गेली. गाव आपलं असतं, आपण त्यात वाढलेलो असतो, पण ते खालून पाहिलेलं असतं. वरून पाहायची वेळ कधी येत नाही. मी चौदा गच्च्या वरून पाहिल्या. रस्त्यावरून जाताना रांगोळी आणि तुळस दिसते, आणि गच्चीवर माणसानं जे जे लपवायचं ते सगळं नेऊन टाकलेलं असतं. फुटकी कमोडं. पाण्याच्या टाकीत मरून फुगलेलं पारवं, आणि त्याच टाकीचा नळ खाली स्वयंपाकघरात. डब्याच्या खांबाला वाळत घातलेल्या चड्ड्या. आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या! खाली थुंकलं तर लोक बोलतात, म्हणून शहाणी माणसं जिना चढून वर येऊन थुंकतात. एक डबा तर पांढरा होता हे मला झाकणावरचा आकडा वाचायला तो पुसला गेला तेव्हा कळलं. मी तो पुसायला नकार दिला. मामांनी आपल्या गळ्यातला नॅपकिन ओला केला आणि पुसला. मग तोच नॅपकिन पिळून परत गळ्यात टाकला.

"मामा, तुम्हाला किळस येत नाही का?"

"येती की. पण त्येला सांगून तो थुंकायचा थांबतोय का? मग मी कशाला तोंड दुखवू?"

मामा संत वगैरे नाहीत, हेही सांगून ठेवतो. त्या थोरल्या भावाचं नेट त्यांनी ॲपमधून मुंगीच्या चालीवर आणून ठेवलंय. जोवर तो रस्त्यात आधी 'शरणु' म्हणून नमस्कार करत नाही तोवर सोडायचं नाही, असं चाललंय दीड वर्ष. थोरला काही बोलत नाही, कारण त्याला तसंही काही बघायचं नाही.

कडूबाईच्या गच्चीवर डब्याला काळी बाहुली आणि लिंबू-मिरच्या बांधलेल्या. तिची म्हैस आटली होती आणि डब्यातून निघणाऱ्या लहरींनी आटली असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. लिंबं कुजून त्यांचं पाणी थेट वायरच्या खोबणीत उतरलेलं, आणि त्या ओलाव्याला मुंग्यांनी आत अंडी घातलेली. मी झाकण उघडलं आणि ते सगळं माझ्या मनगटावर आलं.

"बाहुली काढू नगा हां," कडूबाई खालून ओरडली. "लेक मुंबईवरनं रोज फोन करती तेवढं नेट मात्र चालू करा लवकर."

म्हणजे लहरी नकोत, नेट पाहिजे. मामांनी बाहुली सोडून खांबाच्या खालच्या टोकाला बांधली आणि म्हणाले, "बाहुली हाय तिथंच हाय, वैनी." कडूबाई खूश.

बुधवारी दुपारपर्यंत आम्ही सहा डबे जोडले. लॅपटॉपवर सहा हिरवे ठिपके. मी पहिल्यांदा हसलो. तेवढ्यात ठिपके विझायला लागले. एक, दोन, तीन, पाच. मी लॅपटॉप आपटायच्या बेतात होतो.

"बस थोडा," मामा म्हणाले, आणि त्यांनी तंबाखू काढली. "वायरमन आलाय गावात."

वायरमन फाट्यावर दिसला की निंबखोरीतले आकडे धडाधड उतरतात. आकडे उतरले की त्यांच्यावर चाललेले डबेही जातात. आमच्या साखळीचा अर्धा भाग चोरीच्या विजेवर उभा आहे, आणि त्याच साखळीवर माणसं 'प्रामाणिकपणे जगा' असे सुविचार एकमेकांना रोज सकाळी पाठवतात. वायरमन पंचायतीत बसून भजी खाऊन गेला. ठिपके एकेक करत परत आले.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दगडोबाकडून आठ आणि पंचायतीकडून पाच डबे झाले. राहिला मधला नववा, तो रणधीरच्या गच्चीवर. नवव्याशिवाय दगडोबाकडून जुळवत आणलेली खालची आळी पंचायतीला जोडलीच जात नव्हती. दोन्हीकडं हिरवं, मधे खड्डा.

रणधीर ओट्यावर झोपाळ्यावर बसला होता. जिन्याच्या दाराला कुलूप.

"किल्ली दाजींकडं राहिली ओ मामा. दाजी लातूरला. रविवारी येतील."

"कुलूप तोडून नवं बसवून देतो," मामा म्हणाले.

"छे छे. घरचं कुलूप असं तोडतेत का? सभा झाल्यावर निवांत करा की. घाई काय हाय?" आणि माझ्याकडं वळून, "काय किस्ना, काय बिघडलं म्हणे? वय झालं का मामांचं?"

त्याच्या कमरेच्या करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. तो लपवायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते. मला रागापेक्षा किळस आली ती त्याची. खोटं बोलणाऱ्यानं निदान थोडी मेहनत घ्यावी.

शुक्रवारी सकाळी ऊन वर आल्यावर मामांनी आठव्या डब्याच्या गच्चीवर उभं राहून खिशातला दाढीचा आरसा काढला. त्यांची ही जुनी रीत. उन्हाचा कवडसा ज्या गच्चीवर थेट पडतो तिथल्या डब्याला इथला डबा 'दिसतो', मधे झाड किंवा भिंत असेल तर नाही. माझ्याकडं यासाठी एक ॲप होतं, त्यात निंबखोरी हे गावच नव्हतं. कवडसा पत्र्यांवरून, टाक्यांवरून उड्या मारत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"गंगम्माची गच्ची," मामा म्हणाले आणि आरसा खाली केला.

गंगम्मा आज्जी म्हणजे अवघड काम. वय ऐंशीच्या पुढं, अक्कलकोटकडचं माहेर, निम्मं बोलणं कानडी. चार वर्षांपूर्वी संस्थेचा इंजिनियर बूट घालून तिच्या गच्चीवर चढला आणि नेमका देवघराच्या डोक्यावर उभा राहिला. तिच्या घरात देवाच्या डोक्यावर कोणी पाय ठेवत नाही. देवघर खाली जेवढं, तेवढा चौकोन वर गच्चीवर चुन्यानं आखलेला आहे, आणि घरातलं लेकरूसुद्धा त्याला वळसा घालून जातं. तिनं इंजिनियरला काठीनं खाली उतरवला. त्यामुळं साखळीत तिचं घर नाही.

"याके? याके माझीच गच्ची पाहिजे?" ती दारातच म्हणाली. याके म्हणजे का. "एवढं गाव पडलंय, तिकडं जावा."

"आरसा तुमच्याच गच्चीवर पडला, अम्मा," मामा म्हणाले. "काय करू?"

तिनं जरा विचार केला. आरशाशी वाद घालता येत नव्हता. मग विचारलं, "बंद कुणी पाडलं?"

मामा जमिनीकडं बघायला लागले. मी भिंतीकडं. आज्जीनं माझ्याकडं बघितलं. दोन मिनिटं बघितलं.

"हा वर जाईल. अनवाणी. बाहेरनं शिडी लावून. चौकोनात पाय पडला तर परत घरी कसा जातो बघते. अन पाच सोमवार बेल आणायचा ह्यानं. मला चालवत न्हाय आता झाडापतुर. एकवीस पानं, तीन दळाची, न फाटलेली, किडं न लागलेली."

"चार सोमवार करा की आज्जी," मी उगाच घासाघीस केली.

"सहा."

"पाच, पाच!"

दुपारी बाराच्या उन्हात मी तिच्या गच्चीवर अनवाणी उभा राहिलो. खाली तापलेला स्लॅब, त्यावर पारव्यांनी दहा वर्षं घातलेला थर, वाळलेला आणि ओला असा दोन्ही. तळपाय भाजत होते आणि घसरतही होते. कठड्याच्या कोपऱ्यात, चुन्याच्या रेघेपासून वीतभर लांब, मी राखीव ठेवलेला जुना डबा बांधला. नवा पासवर्ड टाकला. खालून मामांचा आवाज आला, "आला रे! सगळे आले!" रणधीरच्या नवव्याला वगळून साखळी पुन्हा उभी राहिली. मी चौकोनाला वळसा घालून शिडीपाशी आलो, आणि खाली उतरल्यावर आज्जीनं माझे पाय बघून नाकाला पदर लावला.

शनिवारी ग्रामसभा भरली. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी माणसं उभी होती. चार दिवस मोबाइलमधे काही हललं नव्हतं, म्हणून सगळ्यांना तोंडं होती.

"चार दिवस गाव बंद," रणधीर उभा राहून म्हणाला. "कुणी केलं, कसं झालं, कुणाला काय माहीत न्हाय. असा कारभार असतोय का?"

"माझ्या हातनं झालं," मामा जागेवरून उठून म्हणाले. "चूक माझी. पासवर्ड बदलताना."

मी खांबाला टेकून बसलो होतो. माझ्या तोंडात पंचायतीचं भजं होतं. ते मला गिळता आलं असतं, किंवा थुंकता आलं असतं, आणि उठून म्हणता आलं असतं की मामा नाही, मी. मी ते चावत राहिलो. बारीक होईपर्यंत चावलं. तेवढ्यात विषय पुढं गेला.

"म्हातारा झालाय." "घरोघरी शिडी लावून काय करत हुता?" हे थोरला भाऊ बोलला. दगडोबा तर म्हणाला की त्याचं महिनाभर बंद होतं. ज्यांच्या गच्चीवरची थुंकी मामांनी नॅपकिननं पुसली ती माणसं नाव ठेवायला पहिल्या रांगेत. पार्वतम्मा मामी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मामा उभेच होते. त्यांची नजर सभामंडपाच्या खांबावर होती, आणि मला एकदम वाटलं की ते त्याची उंची मोजतायत, टेकून बसायला.

मग कडूबाईनं मागून विचारलं, "रणधीर, कंपनी आली तर डब्याच्या लाइटीचं कसं?"

"सगळं कायदेशीर," रणधीर उत्साहानं म्हणाला. "प्रत्येक डब्याला मीटर. प्रत्येक घराला आपापलं बिल. आकडाबिकडा चालणार न्हाय, कंपनीचा माणूस महिन्याला येऊन बघणार."

बाहेर शेळी खोकलेली सभेत सगळ्यांना ऐकू आली.

"तसं म्हणाल तर," थोरला भाऊ घसा खाकरून म्हणाला, "शंभूमामा जुनं माणूस हाय."

"चूक कुणाच्या हातनं होत न्हाय?" दगडोबा.

"चार दिवसांत चालू केलं की!" हा कोण बोलला ते दिसलं नाही, पण मिनिटभरात हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही. मामांनी सगळ्यांना हात जोडले. मामींनी पदर सोडला. आणि मला त्या वर गेलेल्या हातांकडं बघून उमाळा नाही, ओकारी आली. चांगलं झालं होतं, आणि ते इतक्या घाण कारणानं झालं होतं की त्यावर आनंद करायलाही धुतलेले हात लागले असते. माझे तर त्याहून मळके होते.

घरी जाताना मी मामांना विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"तुझं नाव घेतलं असतं तर रणधीर म्हणला असता, बगा, पोराच्या हातात गाव दिलंय. तूबी गेला असतास, मीबी गेलो असतो. हिशोबच हुता." थोडं चालून ते म्हणाले, "अन तू तरी कुठं उठलास?"

पंचायतीपाशी राहिलेली त्यांची शिडी मी घरी न्यायला घेतली होती, ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

रणधीरच्या नवव्या डब्याचं कुलूप रविवारी आपोआप उघडलं, दाजी न येता. मामांनी जाऊन तोही जोडून दिला. आता साखळीत पंधरा डबे आहेत, आणि नवव्याला बगल देऊन नेट गंगम्माच्या गच्चीवरूनही जातं. संस्थेच्या पुस्तकात लिहिलेली ती वाट निंबखोरीत एकदाची निघाली. मामा रोज सकाळी आरसा खिशात घालून फेरी मारतात. थोरल्या भावाचं नेट अजून मुंगीच्या चालीनंच आहे. सभेत पहिला पाठिंबा दिला म्हणून सोडा की, असं मी म्हणालो होतो. मामा म्हणाले, "शरणु म्हणला का?"

बेलाचं झाड ओढ्यापलीकडं महादेवाच्या देवळामागं आहे. जायला पाऊण तास, काटे वेगळे. चार सोमवार मी एकवीस-एकवीस पानं नेली. आज्जी प्रत्येक पान उन्हाकडं धरून बघायची आणि एखादं परत माझ्या हातात द्यायची, "हे किडलंय, तुझ्यासारखं." पाचव्या सोमवारी मला सोलापूरला एका नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. तिथून आल्यावर दुसऱ्या सोमवारी पाऊस होता. तिसऱ्या सोमवारी काही नव्हतं, मी नुसताच गेलो नाही.

आज्जीच्या नातवानं तिला त्याचा जुना मोबाइल दिलाय. दर सोमवारी सकाळी सातला त्यावरून माझ्या मोबाइलवर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, तिच्याच गच्चीवरच्या डब्यातून, स्वच्छ, कुठंही न अडखळता: "किस्ना, चार झाले. एक राहिलाय."

आजही आला. मी तो दोनदा ऐकला आणि मोबाइल पालथा घातला.